पांडुरंग : एका नावाची वारी



सानपाड्याच्या गावठाणात ज्यांच्या घरी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल फिरली, त्यांना ही गोष्ट नवी नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'पांडू'. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तेच नाव 'पांडुरंग'. रेशनकार्डावर वरचा टिंब गळून 'पाडुरंग'. मग स्टॅम्पपेपर आणा, प्रतिज्ञापत्र करा, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत. आमच्याही घरी हे झालं. कचेरीतल्या बाकावर नंबराची वाट बघताना मनात आलं, की ज्या माणसाला उभं आयुष्य सगळं गाव एका हाकेवर ओळखत होतं, तो एकच माणूस होता हे आज शपथेवर सांगावं लागतंय. त्या दिवसापासून या नावाच्या मागे लागलो. जे हाती आलं ते दिंडीच्या शंभराव्या वर्षी आपल्यापुढे ठेवतो.

आधी अर्थ बघू. 'पांडु' म्हणजे फिकट पांढरा. महाभारतातल्या पांडुराजाचं नाव याच शब्दावरून. म्हणजे पांडुरंग हा पांढऱ्या रंगाचा. पण विटेवर उभा आहे तो काळासावळा! मग सावळ्याचं नाव गोऱ्याचं कसं? आपल्या कीर्तनांतून याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक असं, की गाईंच्या मागे चालताना खुरांची धूळ अंगावर बसली आणि सावळा गोपाळ पांढुरका दिसू लागला. दुसरं जास्त खोल आहे. विठ्ठलाने मस्तकी महादेवाला धारण केलं आहे आणि महादेव कापरासारखा गोरा. त्या शुभ्र देवाला डोक्यावर घेतलं म्हणून सावळ्याला गोऱ्याचं नाव मिळालं. नरहरी सोनारांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळे बांधून कमरेचं माप घ्यायला गेले, तर हाताला शंकर लागला. डोळे उघडले तर विठ्ठल. पांडुरंग या एका शब्दात ती सगळी गोष्ट आहे.

अभ्यासक मंडळी काय म्हणतात तेही ऐकण्यासारखं आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं म्हणणं असं, की आधी गावाचं नाव होतं 'पंडरगे'. हे वळण कानडी आहे. त्या नावाला संस्कृत रूप दिलं गेलं ते 'पांडुरंग'. होयसळ राजा सोमेश्वराच्या इ.स. १२३७ च्या लेखात भीमेकाठच्या या गावाचं नाव पंडरगे असंच येतं. पुढे १२७० च्या शिलालेखात 'पांडुरंगपूर' दिसतं. त्यानंतर लगेच शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला पंढरपूरच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख. देवळासाठी कोणी किती दान दिलं याची त्यात नोंद आहे. ज्ञानोबा माउलींचा जन्म याच काळातला. आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या देशी शब्दांच्या कोशात हे नाव रुद्राचं, म्हणजे शिवाचं म्हणून सांगितलेलं आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ सालच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या सगळ्याची मांडणी आहे. म्हणजे कीर्तनकार हरि-हर एक म्हणतात ते आणि कोशातला अर्थ, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

एक गंमत सांगतो. हे नाव समुद्रापारही गेलं होतं. आजच्या व्हिएतनाम देशाच्या दक्षिणेला चंपा नावाचं जुनं राज्य होतं, तिथे शिवाची देवळं होती. त्या राज्याच्या एका प्रांताचं नाव पांडुरंग. १८३२ साली व्हिएतनामच्या राजाने तो प्रांत खालसा केला. तिथल्या शहराचं आजचं नाव फानरांग, ते त्याच पांडुरंगाचं झिजलेलं रूप. आपल्याकडे पांडू झाला, तिकडे फानरांग झाला!

देवाचं नाव पोराला का ठेवायचं, हे आपल्याला भागवताने सांगितलं आहे. अजामिळाने मरताना मुलाला हाक मारली, 'नारायणा!' आणि त्या हाकेवर तो तरला. आपली आजीसुद्धा हाच हिशोब करायची. पोराला शंभरदा हाक मारायचीच आहे, तर ती हाक वाया का घालवा? भात लावताना, खाडीवर जाताना, मिठागरात, चुलीपाशी, जिथे असेल तिथून मारलेली हाक देवाच्या खात्यावर जमा. ज्या बाईला वर्षातून एकदाही पंढरी घडत नव्हती तिची वारी ही अशी घरात चालायची.

हे नाव कुठल्या एका जातीचं वा भागाचं राहिलं नाही. मराठीचं व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग आणि १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना करणारे आत्माराम पांडुरंग, हे दोघे तर्खडकर भाऊ. पण लोक त्यांना आडनावाने नाही, बापाच्या नावाने ओळखत. दादोबांचा जन्म १८१४ चा, म्हणजे वडील पांडुरंग अठराव्या शतकातले. पुढे १८८० या एकाच सालात दोन पांडुरंग जन्मले. एक पांडुरंग वामन काणे, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ चे भारतरत्न. दुसरे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट. धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याचे हे सेनापती. जमीन गेल्याचं दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७० ला सिडको आली, भातशेती आणि मिठागरं गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या आंदोलनात जासई-न्हावाशेवा भागात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के पदरात पडले. म्हणून सेनापतींचं पाळण्यातलं नाव वाचलं की आपलंच कोणी वाटतं. आपल्या रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, आपले दादा, त्यांनी स्वाध्यायाची वाट किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांपर्यंत नेली.

पण या सगळ्यांत मला मोठे वाटतात ते पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेर आहे. सहाशे वर्षं त्यांच्या लेकरांना बाहेरूनच हात जोडावे लागले. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. देऊळ सगळ्यांना खुलं करा, एवढंच मागणं. १० मे ला उपोषण सुटलं आणि दार उघडलं. पांडुरंगाच्या दारात पांडुरंगच उपाशी बसला, तेव्हा पांडुरंग सगळ्यांचा झाला. नावाला जागणं म्हणतात ते हे.

आता उतरणीचं सांगायला हवं. माझ्या लहानपणी भजनाच्या बैठकीत 'पांडुरंग' म्हणून हाक मारली तर दोघं-तिघं वळून बघायची. लहान असेल तर पांड्या, मोठा झाला की पांडू, टाळ गळ्यात पडला की पांडुरंगबुवा. आज बारशाला हे नाव कोणी काढत नाही. १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. आपण सगळ्यांनी तो बघितला, पोट धरून हसलो. पण मुंबईत प्रत्येक हवालदाराला लोक मागून 'पांडू' म्हणायला लागले आणि शाळेत पांडुरंग नावाच्या पोराची थट्टा सुरू झाली. सगळा दोष सिनेमाला देऊन मात्र चालणार नाही. आधीच आपण 'पांडू' हा शब्द गड्याला, भोळ्याला मारायच्या हाकेसारखा वापरत होतो. नाव थोर ठेवलं, पण हाक तुच्छतेने मारली, तर ते नाव पुढच्या पोराला कोण ठेवील? शिवाय गावाभोवती शहर उभं राहिलं, मुलं इंग्रजी शाळेत गेली, छोटी नावं आली. आरव, विहान, रुद्र. नातवाच्या बारशाला मी पांडुरंग सुचवलं तेव्हा सून हसून म्हणाली, "आबा, ठेवलं तरी शेवटी हाक पांड्याच मारणार ना?" मला उत्तर सुचलं नाही.

पण एक बघा. 'रुद्र' ठेवलंत ना? हेमचंद्राच्या कोशात पांडुरंग म्हणजे रुद्रच! देव पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने आत आला. त्यामुळे नवीन नावांवर माझा राग नाही.

मला काळजी वाटते ती दुसरीच. आपल्याकडे नाव दोन पिढ्या चालतं. आधी पुढे, मग मुलाच्या नावात मधे. नातवाच्या नावातून ते गळतं. आज आपल्या दिंडीत पुष्कळांच्या मधल्या नावात पांडुरंग आहे, विठ्ठल आहे, पंढरीनाथ आहे. त्यांची मुलं मोठी झाली की कागदावरून ही नावं पुसली जातील. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत जशी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, तशी आपल्या दिंडीच्या वहीतही राहावीत. म्हणून दिंडी चालकांना माझी विनंती आहे. यंदापासून वारकऱ्याची नोंद करताना स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचंही नाव लिहा. बायांच्या नोंदीत आईचं आणि आजीचं लिहा, म्हणजे विठाबाई, रखमाबाई, जनाबाईही राहतील. आणि आजोबांना गावात काय म्हणत तेही शेजारी लिहून ठेवा. पांडू तर पांडू. म्हणजे पुढे कोणाला शपथेवर सांगावं लागणार नाही.

वारीत पाऊल पडलं की आपण सगळ्यांना एकच हाक मारतो, 'माउली'. तिथे पांड्याही माउली आणि साहेबही माउली. घरी परतल्यावर एकमेकांच्या नावालाही तेवढाच मान देऊ, म्हणजे सुनेच्या प्रश्नाला उत्तर मिळेल आणि एखाद्या पाळण्यावर पांडुरंग पुन्हा ऐकू येईल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!