हजेरी आणि हिशेब



नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की रविवारची सुट्टी आठवते. परंतु 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन त्यांनी तयार केले, त्यात आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. वही कोण लिहितो आणि आकडा कोठे अडतो हे त्यांना ठाऊक होते. मला त्या निवेदनातली ही मागणी सर्वांत शहाणपणाची वाटते.

पुढे बँकांत यंत्रे येऊ लागली. 8 सप्टेंबर 1983 रोजी संघटनांनी त्याविषयी करार केला. कारकुनांना खातेवही येत होती, म्हणून यंत्राविषयी बोलणी करता आली. आम्हां मजूर संघटनांजवळ ते बळ नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्ही ते कमावण्याचा प्रयत्नही केला नाही.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, 1977 साली तिचा कायदा झाला, 2006 पासून केंद्राचा कायदा अमलात आला. त्यानेही मजुरी 15 दिवसांत देण्याचे बंधन घातले. मस्टर कागदी होते तेव्हा निदान शाळेतल्या पोराकडून ते वाचून घेता येई. 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लागू लागली. कागद बांधावरून उठला आणि पडद्याआड गेला.

सुरगाण्याच्या एका पाड्यावरच्या बायांनी मला हटकले, “दादा, सहा दिस राबलो, पैसं चारच दिसाचं.” मी ऐटीत मोबाइल काढला आणि सांगितले, “चारच दिवस दिसतात.” झाले माझे ज्ञान! तेव्हा एक म्हातारी मला घरात घेऊन गेली. भिंतीवर कोळशाच्या सहा रेघा होत्या. ती म्हणाली, “चार कोनचं, त्ये सांग.”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तारखा काढल्या. गहाळ दिवस मंगळवार आणि बुधवार. त्या दोन दिवशी काम टेकडीपलीकडच्या बांधावर होते, तेथे रेंज नाही. मग इतर बायांच्याही तारखा ताडून पाहिल्या. तेच दोन दिवस. एकीचा मात्र सोमवारही गेला होता. सकाळचा फोटो होता, दुपारचा नव्हता, कारण पोर तापाने फणफणले म्हणून ती घरी गेली होती.

अर्ज तारीखवार लिहिला, रेघांची नक्कल जोडली. मंगळवार-बुधवारची मजुरी जमा झाली. सोमवारच्या अर्ध्या दिवसासाठी कचेरीत तीन खेपा झाल्या आहेत. चौथ्या खेपेला तीच बाई बोलणार आहे, मी मागे उभा राहणार आहे.