गुन्हा, घड्याळ आणि १११ मिनिटे

#थ्रेड

१/ ७ नोव्हेंबर २००४. सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’चा ‘द इनहेरिटन्स’ हा विशेष भाग प्रक्षेपित झाला. लांबी १११ मिनिटे आणि त्यात एकही कट नाही! पुणे जिल्ह्यातील लोणावळ्यात एकदा सुरू झालेला कॅमेरा कथा संपल्यावरच थांबला. या प्रयोगाची विक्रम म्हणून नोंद झाली. पण काळाशी शर्यत लावणारी गुन्हेकथा प्रेक्षकाला मुळात खिळवून का ठेवते? त्याचा हा मागोवा.

२/ ‘वेग’ हे पहिले सुचणारे उत्तर अपुरे आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत एक दाखला दिला होता. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो फुटण्याची वेळ प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात.

३/ म्हणजे पहिली अट : मुदत प्रेक्षकाला माहीत हवी. दुसरी अट : सरणाऱ्या प्रत्येक क्षणाची किंमत मोजावी लागावी. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या ऊसपट्ट्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. तोडलेला ऊस गाळपाविना जितका पडून राहील, तितका साखरेचा उतारा घटतो. मुदतीचा धाक असतो तो या अशा घटीमुळे. गुन्हेकथेत घटते ती ओलिसाच्या सुटकेची शक्यता.

४/ १९५२ च्या ‘हाय नून’ या अमेरिकी चित्रपटात सूड घ्यायला निघालेला गुंड दुपारी बाराच्या गाडीने येणार असतो. मार्शल मदतीसाठी दारोदार फिरतो आणि प्रत्येक दार बंद होत जाते. भिंतीवरची घड्याळे पुन्हा पुन्हा दिसतात. कथेतील वेळ आणि पडद्यावरची वेळ जवळजवळ समान चालते.

५/ ही समानता टिकवणे अवघड, कारण कट म्हणजे काळाची पळवाट. एका कटात तास उडून जातात. हिचकॉक यांनी ‘रोप’मध्ये (१९४८) ही पळवाट बंद करण्याचा प्रयत्न केला. मात्र कॅमेऱ्यातील रीळ सुमारे दहा मिनिटांतच संपे. त्यामुळे काही ठिकाणी कॅमेरा एखाद्या पात्राच्या पाठीवर नेऊन सांधा झाकावा लागला.

६/ डिजिटल चित्रणाने रिळाची अडचण दूर केली. २००२ मध्ये अलेक्सांद्र सोकुरोव यांनी ‘रशियन आर्क’ हा पूर्ण चित्रपट हर्मिटाज संग्रहालयात एकाच शॉटमध्ये चित्रित केला. दूरचित्रवाणीवर त्याआधीच, नोव्हेंबर २००१ मध्ये, ‘२४’ ही अमेरिकी मालिका आली होती : चोवीस भाग, प्रत्येक भाग दिवसाचा एक तास आणि पडद्यावर टिकटिकणारे घड्याळ. २०१३ मध्ये अनिल कपूर यांनी ती हिंदीत आणली.

७/ महाराष्ट्रात या परंपरेचे मूळ दूरदर्शनच्या मुंबई केंद्रात सापडते. ऐंशीच्या दशकात बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका गाजली. शीर्षकातच पोलिसांचा १०० हा क्रमांक होता, संकटात सर्वप्रथम फिरवायचा. तीत शिवाजी साटम होते. २१ जानेवारी १९९८ रोजी सिंग यांची ‘सीआयडी’ सुरू झाली आणि साटम एसीपी प्रद्युम्न म्हणून घराघरांत पोहोचले.

८/ लोणावळ्यातील त्या १११ मिनिटांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तिथे शर्यती दोन होत्या. एक कथेतील पोलिसांची, दुसरी पडद्यामागच्या माणसांची. शंभराव्या मिनिटाला कुणी संवाद विसरला असता, तर आधीची नव्व्याण्णव मिनिटे वाया गेली असती. संकलकाच्या मेजावर चूक झाकण्याची सोय नव्हती.

९/ धावपळ, मोठे संगीत आणि झपाट्याने बदलणारी दृश्ये यांनी घाई दाखवता येते. थरार मात्र त्या घटकेपासून सुरू होतो, जेव्हा पात्र आणि प्रेक्षक एकाच घड्याळाने बांधले जातात. पुढच्या वेळी एखादा भाग पाहताना श्वास रोखला गेला, तर एवढेच तपासावे : मुदत कोणी सांगितली, आणि ती चुकली तर नेमके काय गमवावे लागणार आहे?