स्टेशन ते संविधान चौक : एका वाटेचा इतिहास

शहराचा इतिहास म्हटला की राजवाडे, किल्ले आणि देवालये आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या रस्त्यांवरून सामान्य माणसे चालली त्या रस्त्यांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा राजवाड्यांच्या इतिहासाहून अधिक बोधप्रद असतो. मंडळाच्या वार्षिक संमेलनास बाहेरगावाहून येणारी आपली बहुतेक कुटुंबे नागपूर स्टेशनवर उतरतात आणि लगोलग रिक्षा ठरवून मुक्कामाची वाट धरतात. त्याच स्टेशनाच्या पश्चिम दारातून निघून संविधान चौकापर्यंत पायी जावयाचे म्हटले, तर अर्धा तासही लागत नाही. एवढ्याशा वाटेवर दोनशे वर्षांचा इतिहास पसरलेला आहे, आणि त्यातून एकच गोष्ट आम्हांस दिसते : रस्ता बांधला म्हणजे तो सर्वांचा होत नाही; त्यावरून चालण्याचा हक्क मिळवावा लागतो.

प्रारंभ स्टेशनापासूनच करू. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, म्हणजे १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग मुंबईहून येथवर येऊन पोहोचला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरास नेणे हा त्यामागील मोठा हेतू होता. जमशेटजी टाटांनी मात्र कापूस पिकतो तेथेच कापड विणण्याचे योजिले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी स्टेशनापासून जवळच एम्प्रेस मिल सुरू झाली. ती २००२ साली बंद पडली. परंतु मधल्या सव्वाशे वर्षांत खेड्यापाड्यांतील किती कुटुंबे पोटापाण्यासाठी या शहरात येऊन स्थिरावली, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. स्टेशनची आजची दगडी इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी तत्कालीन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली.

स्टेशन मागे टाकून किंग्जवेच्या रस्त्याला लागले की डाव्या अंगाला सीताबर्डीची टेकडी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी येथे अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांच्यात लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला, टेकडी इंग्रजांच्या हाती गेली आणि तिच्यावर किल्ला उभा राहिला. पायथ्याशी टेकडी गणपतीच्या दर्शनास नित्य रीघ लागलेली असते; वर किल्ल्यात मात्र लष्कराचा ठाणा असल्याने सामान्य नागरिकांना काही ठरावीक राष्ट्रीय दिवशीच प्रवेश मिळतो.

पुढे सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाचे विस्तीर्ण मैदान लागते. कस्तुरचंद पार्कच्या या मैदानावर कित्येक पिढ्यांनी सभा ऐकल्या, खेळ पाहिले आणि नेत्यांची भाषणे मनात साठविली. मैदान ओलांडले की चौक येतो. जवळच रिझर्व्ह बँकेची इमारत असल्यामुळे जुनी मंडळी अद्याप त्यास रिझर्व्ह बँक चौक म्हणतात.

येथून पश्चिमेस व उत्तरेस जो भाग पसरला आहे तो सिव्हिल लाइन्स. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, कचेऱ्या आणि क्लब यांची ही वस्ती. रस्ते सार्वजनिक होते, पण ते कोणासाठी, हा प्रश्न १९२३ साली ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरख्याचा राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडविली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज त्याचे प्रमुख होते. जून महिन्यात त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. मागणी फार मोठी नव्हती. हातात झेंडा घेऊन, शस्त्र न धरता, कोणासही उपद्रव न देता सरकारी रस्त्याने चालावयाचे, एवढेच. तेवढ्यासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक आगगाडीने नागपुरास आले. कित्येकांना तर स्टेशनावर पाऊल ठेवताच पकडण्यात आले. दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. अखेरीस १८ ऑगस्ट १९२३ रोजी ध्वजासह मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्विघ्न पार पडली. त्या रांगेत चालणाऱ्यास कोणी त्याची जात, प्रांत वा भाषा विचारली नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष ध्यानी धरावी अशी आहे.

चौकात आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आहे आणि चौकाचे नाव संविधान चौक झाले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसे नागपूर स्टेशनावर उतरतात आणि दीक्षाभूमीची वाट धरतात. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्याकडे जाणारी वाटही मोकळी नव्हती, ती माणसे राजरस्त्याने मान वर करून चालतात, याहून मोठा पालट कोणता म्हणावा ? संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा आणि देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क नागरिकांस दिला आहे. १९२३ च्या सत्याग्रह्यांनी मागितले होते ते हेच. योगायोग असा की, संविधान सभेने संविधान स्वीकारले तो दिवसही २६ नोव्हेंबरच, साल १९४९.

तथापि कागदावर हक्क लिहिला गेला म्हणजे कार्य संपले, असे समजण्याचे कारण नाही. चौकापासून विधानभवन जवळच आहे. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, आणि त्या दिवसांत राज्यभरातून मोर्चे येतात. चौकातून दक्षिणेस थोडे चालून गेले की झिरो माइलचा स्तंभ दिसतो. देशाचा मध्यबिंदू म्हणून तो लोकप्रसिद्ध आहे. वास्तविक १९०७ सालचे हे चिन्ह भूमापनाच्या कामासाठी उभारलेले असून त्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, बैतूल आदी गावांची अंतरे कोरलेली आहेत. त्याच परिसरात गोवारी शहिदांचे स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा या मागणीसाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला. मोर्चा अडविला गेला, गर्दी कोंडली, पोलिसांचा लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. पुढे २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तर १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. न्यायनिवाडा काहीही होवो. आपले गाऱ्हाणे घेऊन राजधानीत आलेली माय आणि तिचे लेकरू घरी परतलेच नाही, हे दुःख कोणत्याही निवाड्याने भरून निघणारे नाही. १९२३ साली रस्ता अडविणारे सरकार परके होते. १९९४ साली सरकार आपले होते. म्हणून या स्मारकापुढे उभे राहिले असता मान अधिकच खाली जाते.

समाज आपापल्या ज्ञातीच्या उन्नतीसाठी संस्था काढतो, वसतिगृहे चालवितो, स्मरणिका प्रसिद्ध करतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्ञातीची खरी प्रतिष्ठा ही की, दुसऱ्या समाजाचा मोर्चा रस्त्याने चालला असता त्याला तुच्छ न लेखता आपण बाजूला होऊन वाट द्यावी, तहानलेल्यास पाणी द्यावे. ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, पुढील संमेलनास येताना थोडी सवड काढून मुलांसह ही वाट पायी चालावी. टेकडी दाखवावी, मैदान दाखवावे, चौकाच्या नावाचा अर्थ समजावून सांगावा. आणि झिरो माइलजवळच्या स्मारकावर चार फुले वाहावीत. ज्या रस्त्याने आज आपण निर्धास्त चालतो तो आपल्याला कोणी दिला, हे मुलांना कळले, तर तो रस्ता पुढे सर्वांसाठी खुला ठेवण्याची बुद्धीही त्यांना होईल.