महाराष्ट्रकन्यांचे बुद्धिबळ

बुद्धिबळाच्या आपल्या पटावर एकही स्त्री नाही. राजा आहे, त्याच्या शेजारी वजीर आहे, हत्ती, घोडे आणि उंट जोडीजोडीने उभे आहेत, पुढे आठ प्याद्यांची रांग आहे. सगळी फौजच ती. तीत बायकांचे काय काम, असा पट मांडणाऱ्याचा विचार असावा. हा खेळ आपल्या देशातून इराणात आणि तेथून अरबांच्या मार्गे युरोपात गेला, तेव्हा तिकडच्या लोकांनी राजाशेजारच्या ह्या मंत्र्याची हळूहळू राणी करून टाकली. मौज अशी की, राणी झाली तेव्हा ते मोहरे अगदी दुबळे होते. तिरपे एक घर, एवढीच त्याची धाव. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याची चाल वाढली आणि ते पटावरचे सर्वांत बलवान मोहरे झाले. ती वाढलेली चाल पुढे आपणही उचलली. नाव मात्र घेतले नाही. आमचा वजीर तो वजीरच राहिला.

पटावर नसलेली ही स्त्री पटापाशी केव्हा येऊन बसली, आणि ती बसू लागली तेव्हा कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याला निमित्तही तसेच आहे. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जिया देशातील बातुमी ह्या काळ्या समुद्राकाठच्या शहरी नागपूरच्या दिव्या देशमुख ह्या एकोणीस वर्षांच्या मुलीने महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. भारतातील अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, भारतीय स्त्रियांत चौथी आणि महाराष्ट्रातील स्त्रियांत पहिली. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले, ते योग्यच झाले. पण ह्या मुलीच्या जन्माच्या तीस वर्षे आधी ज्या घरातून ही वाट निघाली, त्या घराचा उल्लेख त्या कौतुकात फारसा आला नाही. आम्ही आरंभ तेथूनच करतो.

ते घर मुंबईचे, खाडिलकरांचे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी 1923 साली 'नवाकाळ' काढला. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर ह्यांच्या तीन मुली म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली प्रथम भरली, ती वासंतीने जिंकली. पुढच्या वर्षी जयश्रीने. त्याच्या पुढच्या वर्षी रोहिणीने, आणि त्या वेळी तिचे वय होते तेरा! पहिली दहा वर्षे हे विजेतेपद त्या घराबाहेर गेलेच नाही. एका घरातील तीन बहिणींनी देशाची गादी अशी आपापसांत फिरवीत ठेवावी, असे उदाहरण दुसऱ्या कोणत्या खेळात सापडेल, हे श्रोत्यांनीच आठवून पाहावे.

परंतु खाडिलकर भगिनींचे खरे ऐतिहासिक कार्य ह्या विजेतेपदांत नाही असे आमचे मत आहे. ते 1976 सालच्या एका गोष्टीत आहे. त्या वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरली. ह्यापूर्वी तसे कोणत्याही भारतीय स्त्रीने केले नव्हते. झाले, गदारोळ उडाला. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा असताना हिने पुरुषांत यावेच कशाला, हा त्या विरोधाचा गाभा. वरवर पाहता प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोम आहे. ज्या खेळात अंगबळाचा संबंध नाही, ज्यात दोन माणसे समोरासमोर बसून केवळ विचार करतात, त्यात वेगळी पंगत मांडली ती कशासाठी? नवशिक्या स्त्रियांना धीर यावा, त्यांची संख्या वाढावी म्हणून मांडली असेल तर ती सोय झाली. पण त्या सोयीचा आधार घेऊन दुसऱ्या पंगतीचे दार लावून घेतले की सोयीचे कुंपण होते. तेरा वर्षांच्या मुलीने हे कुंपण ओलांडले, एवढाच तिचा अपराध.

प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. त्याची धग जागतिक बुद्धिबळ महासंघालाही लागली. त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष डॉ. माक्स युवे होते. हे डच गृहस्थ केवळ कारभारी नव्हते. 1935 ते 1937 ह्या काळात ते स्वतः जगज्जेते होते. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. म्हणजे गिरगावातल्या एका शाळकरी वयाच्या मुलीच्या हट्टाने जगभरच्या स्त्रियांचा प्रश्न सुटला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि ह्या स्पर्धेत ती केवळ हजेरी लावून आली नाही. तीन राज्यांच्या विजेत्यांना तिने हरविले.

पुढे 1981 साली हैदराबादला रोहिणीबाईंनी आशियाई महिला विजेतेपद मिळविले, तेही बारा डावांत साडेअकरा गुण घेऊन! एकच बरोबरी, बाकी सर्व जिंकलेले. 1983 साली क्वालालंपूरला तेच विजेतेपद त्यांनी पुन्हा मिळविले. 1980 चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. नंतर त्या घरच्या वृत्तपत्रव्यवसायात शिरल्या आणि 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या.

त्यांच्यामागून आलेल्यांची नावे येथे भराभर घ्यावी लागत आहेत, ह्याचा अर्थ त्या लहान होत्या असा नव्हे. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले ह्या दोघींनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि आशियाई विजेतेपदही महाराष्ट्रात ठेवले. त्यानंतर स्वाती घाटे, ईशा करवडे. आणि आपल्या पुण्याची सौम्या स्वामिनाथन, जिने 2009 साली वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद जिंकले आणि 2018 साली डोक्यावर सक्तीने वस्त्र घ्यावे लागेल म्हणून इराणातील आशियाई सांघिक स्पर्धेस जाण्याचे नाकारले. ह्या तिघींनी 'महिला ग्रँडमास्टर' हा किताब मिळविला. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण 'महिला ग्रँडमास्टर' आणि 'ग्रँडमास्टर' ह्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्यासाठी 2300 गुणांकन लागते, दुसऱ्यासाठी 2500. आणि दुसऱ्यात स्त्री-पुरुष असा भेदच नाही. शिवाय ग्रँडमास्टर व्हावयाचे तर तोलामोलाच्या खेळाडूंविरुद्ध ठराविक दर्जाची कामगिरी तीन वेळा करून दाखवावी लागते. स्त्रियांत हा किताब प्रथम 1978 साली जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली ह्यांना मिळाला. भारतात प्रथम 2002 साली कोनेरू हंपी ह्यांना. महाराष्ट्राची पाटी मात्र कोरीच होती.

ती भरली नागपूरच्या एका डॉक्टर दांपत्याच्या धाकट्या मुलीने. दिव्याचा जन्म 9 डिसेंबर 2005 चा. थोरली बहीण बॅडमिंटनकडे गेली, ही पाचव्या वर्षी पटाकडे वळली. 2012 साली सात वर्षांखालील मुलींत देशात पहिली. 2014 साली दर्बानला दहा वर्षांखालील मुलींत आणि 2017 साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींत जगात पहिली. बालपणीच चमकलेले बुद्धिबळपटू पुढे दिसेनासे होतात, हा अनुभव काही नवा नाही. हिचे तसे झाले नाही. 2022 साली ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली, 2023 साली अल्माटीला आशियाई विजेती. त्याच वर्षी कोलकात्याच्या जलद स्पर्धेत प्रत्यक्ष जगज्जेती जू वेनजुन खेळत असताना पहिला क्रमांक हिने नेला. 2024 साली गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद अकरापैकी दहा गुणांनी घेतले आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये अकरापैकी साडेनऊ गुण मिळवून भारताच्या सुवर्णपदकाला हातभार लावला. तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही तिचेच.

एवढे सारे असूनही बातुमीला जाताना ग्रँडमास्टरपदाच्या तीन पायऱ्यांपैकी एकही तिने चढलेली नव्हती. विश्वचषक जिंकणाराला तो किताब थेट द्यावा, असा नियम आहे. त्या नियमाने तिला तो मिळाला. ह्यावर काही जाणकारांनी नाक मुरडले. स्त्रियांच्या स्पर्धेतून हा किताब मिळावा हे त्यांना जिन्याऐवजी शिडीने माडीवर येण्यासारखे वाटले. आम्हांला हा आक्षेप विचारार्ह वाटतो. तो झटकून टाकू नये. पण तिने ज्यांना हरविले त्यांची यादी पाहावी. मानांकनात ती पंधरावी होती. दुसरे मानांकन असलेली चीनची झू जिनेर, भारताची ग्रँडमास्टर हरिका द्रोणवल्ली, माजी जगज्जेती तान झोंग्यी आणि शेवटी हंपी, अशा क्रमाने ती पुढे गेली. शिडी म्हणावी तर अशी शिडी चढून पाहावी!

आता तिच्या खेळाविषयी. दिव्याची मूळ वृत्ती आक्रमक. डाव शांत असला की तिला करमत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या राजाभोवती मोहरी गोळा करावीत, प्रसंगी एखादे मोहरे बळी द्यावे, आणि पट असा गुंतागुंतीचा करून टाकावा की समोरच्याला प्रत्येक खेळीला घड्याळाकडे पाहावे लागावे, हा तिचा आवडता मार्ग. असे खेळणारे पुष्कळ असतात, आणि हल्ला फसला की त्यांचा धीरही सुटतो. दिव्याचे वेगळेपण असे की, हल्ल्यातून काही निघाले नाही तरी ती मोहरी कमी झालेल्या कोरड्या डावात तितक्याच ईर्ष्येने बसून राहते. तान झोंग्यीविरुद्धचा उपांत्य फेरीचा दुसरा डाव एकशे एक खेळ्या चालला. त्यात पारडे एकीकडून दुसरीकडे झुकले, पण समोरची चूक करीपर्यंत हिने तिला पटावरून उठू दिले नाही.

आपण ज्या कुरवंड्याच्या परिसरात आज जमलो आहोत, तेथे हा प्रकार समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. 1661 च्या फेब्रुवारीत शाएस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान ह्याच कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला. नागफणीच्या अंगाची ती अरुंद वाट, खाली उंबरखिंडीचे रान. पुढची वाट शिवाजीमहाराजांनी अडविली आणि मागचीही बंद केली. त्या फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही शूर स्त्री होती. डाव गेला हे तिने ओळखले, आणि खानाने शरण जाऊन सैन्य वाचवावे असा सल्ला तिने दिला. खानाने तो मानला. मोगलांच्या त्या एवढ्या सेनेत पट अचूक वाचला तो एका बाईने, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. तिच्यावर थांबून विचार मात्र कमी झाला. बुद्धिबळात शेवटच्या टप्प्याचे कौशल्य हेच असते. आपल्याला वाट उरली आहे की नाही हे ओळखणे, आणि समोरच्याची वाट बुजवीत जाणे. रायबागनला पहिले साधले होते. दिव्याला दुसरे साधते. (दोघी देशमुखच, हा निव्वळ योगायोग, त्यावरून कोणी वंशावळ जुळवू नये.)

अंतिम सामन्यात समोर हंपी. वय अडतीस, दिव्या जन्मली त्याच्या तीन वर्षे आधी ग्रँडमास्टर झालेली. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, आणि तो तिने जिंकला. विजयानंतर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते छायाचित्र सर्वांनी पाहिले.

त्या छायाचित्राच्या दीड वर्ष आधीची एक गोष्ट मात्र कमी लोकांच्या ध्यानात आहे. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेत ती पुरुषांबरोबर खेळली. परतल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की, आपल्या काही डावांचा आपल्याला अभिमान वाटतो, पण पाहणाऱ्यांचे लक्ष डावाकडे नसून आपले कपडे, केस आणि उच्चार ह्यांकडे असते. पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. रोहिणी खाडिलकरांना दारात अडविले गेले. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी दिव्याला कोणी अडविले नाही, आत बसविले, आणि तिच्या पटाकडे पाहिले नाही. पहिल्या अन्यायावर न्यायालयाचा उपाय होता. दुसऱ्यावर कोणत्या न्यायालयात जावे?

तिने त्यावर आपल्यापुरता उपाय असा केला की, ती खेळत राहिली. विश्वचषकानंतर दीड महिन्याने, सप्टेंबर 2025 मध्ये, समरकंदला मोठी स्पर्धा भरली. तेथे महिलांचा गट स्वतंत्र होता, आणि तो भारताच्याच वैशालीने जिंकला. दिव्या त्या गटात नव्हती. ती खुल्या गटात खेळत होती, आणि जगज्जेत्या गुकेशशी तिची गाठ पडली तो डाव बरोबरीत सुटला.