शिक्क्यावरचे गाव

वाचक माउली, घरात जुन्या पत्रांची तार अजून खुंटीला असेल, तर एकदा ती खाली काढा. मजकूर मागाहून वाचा. आधी पत्त्याच्या बाजूचा गोल शिक्का पाहा. त्यात तारीख असते आणि डाकघराचे नाव असते. आम्हा कीर्तनकारांना सप्ताहाचे आमंत्रण पोस्टकार्डानेच यायचे. ती कार्डे चाळताना ध्यानात येते, की काही नावे शिक्क्यावर आहेत, पण त्या जागी आज गाव नाही.

गाव गेले कुठे? भीमाकाठी याचे उत्तर मिळते. सोलापूर जिल्ह्यात उजनीजवळ भीमेवर धरण बांधले, ते १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाण्याचा तो यशवंतसागर. पाणी फुगत गेले तशी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची गावे उठली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्यात गेले आणि गाव वर पुणे-सोलापूर रस्त्याकडे वसले. धरण आटले की देवळाचे शिखर वर येते. तिकडे पैठणला गोदावरी अडवली, १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले. त्या जलाशयाला नाथमहाराजांचे नाव मिळाले. तळाशी गेलेल्या वाड्यावस्त्यांची नावे कोण घेतो?

गावचे शाखा डाकघर म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. गुरुजींच्या ओसरीवर नाहीतर दुकानाच्या कोपऱ्यात एक पेटी, एक तराजू आणि तो शिक्का. मुंबईच्या गिरणीतल्या लेकाची मनिऑर्डर तिथेच यायची, सासरच्या लेकीची खुशालीही तिथेच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. एका पिनखाली अनेक गावे असतात. त्यामुळे त्यांतले एखादे उठून गेले तरी आकडा जागच्या जागी राहतो. शिक्क्यात नाव होते, म्हणून तो शिक्का मोडला तेव्हा काहीतरी खरोखर गेले.

महसुली दप्तरात ओसाड गावाला एक शब्द आहे, बेचिराख. मूळ फारसी. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. माणसे गेली तरी दप्तरात शिवार त्याच नावाने राहते. जनगणनेच्या यादीतही निर्जन गावांची नोंद असते. शोधणाऱ्याने तिथे शोधावे, शाळेच्या जुन्या पटात शोधावे, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शोधावे. ‘कर’ लागलेल्या आडनावांत कितीतरी गावे लपलेली आहेत. आणि आपल्या दिंड्यांत शोधावे. गाव उठून चार ठिकाणी पांगले, तरी वारीला सारे जुन्याच नावाच्या पताकेखाली जमतात, हे मी पाहिले आहे.

आता मनातली गोष्ट सांगतो. पंढरीत आपण जिला चंद्रभागा म्हणतो ती भीमाच. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. म्हणजे आपण बुडी मारतो ते पाणी कुणाच्या उंबऱ्यावरून, कुणाच्या तुळशीवृंदावनावरून आलेले असते. भगीरथाने गंगा आणली, हे आख्यान मी वाळवंटात कितीदा लावले. पण ज्यांनी घरे सोडली म्हणून हे पाणी आपल्यापर्यंत पोचले, त्यांच्या गावांचे नाव एकदाही घेतले नाही. ही चूक माझी. वय झाले, आता उभा राहून ती फेडता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुम्ही एवढे करा. दिंडीत शेजारी चालणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, “बाबा, तुमचं मूळ गाव कोणतं?” ते वहीत लिहून ठेवा. देऊळ कुठे होते, पार कुठे होता, पत्रे कोण वाटायचे, तेही लिहा. नामाची थोरवी आपल्या संप्रदायाला कुणी शिकवायला नको. यंदा चंद्रभागेत उतराल तेव्हा विठ्ठलाच्या नामासोबत एका बुडालेल्या गावाचेही नाव घ्या. तेवढ्यापुरता तिथे दिवा लागेल.

रामकृष्ण हरी.