शिकवणारी विद्यार्थिनी : पंडिता रमाबाईंची इंग्रजी

इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याची रूढी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर जमा आहे. या रूपकाची चर्चा होते ती वाघिणीच्या अंगाने. दुधाकडे फारसे कोणी पाहत नाही. दूध हे बालकांचे अन्न. चिपळूणकर, आगरकर, टिळक या सर्वांनी ते येथेच, शाळा-महाविद्यालयांच्या बाकांवर, कोवळ्या वयात घेतले. टिळक १९१८ साली विलायतेस गेले ते इंग्रजी शिकण्यासाठी नव्हे. हा क्रम ज्यांच्या बाबतीत सर्वस्वी उलटा झाला अशा व्यक्ती एकोणिसाव्या शतकात विरळाच. पंडिता रमाबाई ही त्यांतील सर्वांत बोलकी व्यक्ती होय.

१८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, पतीला जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. पदरी मात्र एक संपूर्ण विद्या होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत आईच्या तोंडून शिकलेल्या या बाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. मराठी घरची, आणि कानडी, हिंदुस्थानी, बंगाली भटकंतीत कमावलेल्या. इंग्रजीचे धडे पुण्यात मिस हर्फर्ड यांच्याकडे सुरू झाले होते, पण १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीतूनच. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, हा त्या साक्षीतील मुद्दा इंग्रजीत पोचला तो भाषांतरकाराच्या हातून. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून सांगावे लागणे ही त्यांची तेव्हाची स्थिती होती. विलायतेस जाण्याच्या निर्णयामागे वैद्यक शिकण्याची इच्छा होती, आणि प्रवासाचा काही खर्च 'स्त्रीधर्मनीति' या मराठी पुस्तकाच्या उत्पन्नातून निघाला.

त्या उतरल्या वाँटेज येथे, सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या भगिनींकडे. या संघाचे कार्य पुण्यातही चालत असे आणि ओळख तेथूनच झालेली. व्यवहार असा ठरला की भगिनींनी रमाबाईंना इंग्रजी शिकवावे आणि रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी. या देवघेवीकडे चरित्रकार एखाद्या वाक्यात उल्लेख करून पुढे जातात. आम्हांस मात्र पुढील सर्व संघर्षाची मुळे येथे दिसतात. रमाबाई त्या घरात शिष्या होत्या आणि गुरूही. भगिनींच्या मनात बहुधा पहिलेच नाते होते.

वैद्यकाचा बेत श्रवणदोषामुळे सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. त्या आघाताविषयी येथे घाईने काही लिहिणे बरे नव्हे. १८८४ च्या शरदात रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथेही तोच दुहेरी करार होता : इंग्रजी, गणित, सृष्टिविज्ञान शिकायचे आणि संस्कृत शिकवायचे. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्यातील विदुषी ओळखली होती.

रमाबाईंची इंग्रजी घडली ती या वर्षांतील पत्रव्यवहारात. बील, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांची ही पत्रे जेराल्डीन यांनीच पुढे संकलित केली, अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती धर्मेतिहासाचे साधन म्हणून बाजूला ठेवू नयेत. प्रौढ वयात शिकलेली भाषा कशासाठी वापरली जाते, याचा इतका सलग पुरावा आपल्याकडे क्वचितच आहे. येथे बाई आपल्या शिक्षिकांशी त्यांच्याच भाषेत वाद घालत आहेत, आणि वाद घालता घालता ती भाषा कमावत आहेत. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडायचे, मग एकेक मुद्दा खोडायचा, ही त्यांची रीत. शब्द इंग्रजी असले तरी पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ही शिस्त शास्त्रीबोवांच्या घरातली आहे, असे आम्हांस वाटते.

दोन प्रसंग पाहावेत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, असा आग्रह झाला तेव्हा रमाबाईंनी संस्कृत शब्द मागितले. लॅटिन ना त्यांना कळे, ना त्यांच्या देशबांधवांना; मग संस्कृतात नसलेले असे काय त्या भाषेत आहे, असा त्यांचा सवाल होता. (इंग्रजी नुकतीच शिकणारी स्त्री इंग्रजांना त्यांच्याच पूज्य भाषेविषयी हे विचारते आहे!) दुसरा प्रसंग १८८५ मधला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास स्वदेशात त्यांचे वजन कमी होईल, असे कारण पुढे आले. रमाबाईंचे उत्तर जळजळीत आहे. आपल्या वडिलांनी आणि पतीने जी हरकत कधी घेतली नाही ती या मंडळींनी घ्यावी, याचे त्यांना नवल वाटले. आणखी एका पत्रात, आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्या स्पष्ट लिहितात.

जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. त्यांच्यावर अन्याय न करता म्हणावे लागेल की त्यांनी रमाबाईंवर मनापासून माया केली, पण ती लेकरावर करावी तशी. इंग्रजीत चाचपडणाऱ्या माणसाची बुद्धीही चाचपडत असेल, ही समजूत तेव्हाची म्हणून सोडून द्यावी, तर ती आजच्या भाषावर्गांतही भेटते.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहिल्या, आणि १८८७ साली तेथेच त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' प्रसिद्ध झाले. हंटर आयोगापुढे भाषांतरकाराची गरज पडल्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. अमेरिकेच्या प्रवासावरील पुस्तक मात्र त्यांनी मराठीत लिहिले : 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९. इंग्रजी पुस्तक हिंदू घरातली स्त्री अमेरिकनांना दाखवते, मराठी पुस्तक अमेरिका मराठी वाचकांना दाखवते. दोन्ही एकत्र शिकवली जावीत, पण अभ्यासक्रमांत त्यांचे विभाग वेगळे, शिक्षक वेगळे.

भाषा शिकणे त्यांनी पुढेही थांबवले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात, उतारवयात, बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, खेड्यातल्या बायकांना न कळणारे. कलकत्त्याच्या पंडितसभेची सरस्वती आता एकेक तत्सम शब्द वगळून सोपा मराठी शब्द शोधत बसली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते मुक्तिसदनाच्या स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडले.