शिवकर बापूजी तळपदे आणि 'मरुत्सखा' विमान : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
इंजिनाच्या बळावर माणसाला घेऊन जाणाऱ्या विमानाचे पहिले नियंत्रित उड्डाण राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र त्यापूर्वी आठ वर्षे, म्हणजे 1895 साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे (1864–1916) यांनी स्वतः बनविलेले 'मरुत्सखा' हे मानवरहित विमान उडविले, असे महाराष्ट्रात सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

व्यक्ती आणि काळ :
तळपदे हे मुंबईतील पाठारे प्रभू समाजातील संस्कृतचे व्यासंगी गृहस्थ होते. स्वामी दयानंद सरस्वती यांनी 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात वेदांमध्ये विमानविद्या असल्याचे प्रतिपादन केले होते. आर्य समाजाच्या या विचारांचा तळपदे यांच्यावर प्रभाव होता. 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे त्यांचे लेखनही याच ध्यासातून झाले. परकीय सत्तेच्या काळात स्वदेशी ज्ञानाविषयी आत्मविश्वास जागविण्याची ही धडपड होती.

पुराव्यांची चिकित्सा :
'मरुत्सखा' 1500 फूट उंच गेले आणि न्या. महादेव गोविंद रानडे व सयाजीराव गायकवाड हे त्याचे साक्षीदार होते, अशी आख्यायिका आहे. त्यासाठी 'केसरी'चा हवाला दिला जातो. परंतु मूळ अंक, दिनांक व मजकूर समोर ठेवल्याशिवाय असा हवाला पुरावा ठरत नाही. याउलट, 6 मे 1896 रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांचे मानवरहित विमान सुमारे 3,300 फूट अंतर उडाले, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. राइट बंधूंच्या उड्डाणाचेही छायाचित्र, तार व दैनंदिनी उपलब्ध आहेत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे परीक्षण केले. हा ग्रंथ 1904 पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडण्यास अक्षम आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रंथकर्ते सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी विमानांच्या प्रतिकृती तयार केल्या, परंतु एकही उडू शकली नाही, अशी नोंदही त्यांनी केली आहे.

'मरुत्सखा' पाऱ्याच्या शक्तीवर उडाले, असेही म्हटले जाते. अमेरिकेने 1964 साली पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन अवकाशात चालविले. त्याचा रेटा अवघ्या काही ग्रॅम वजनाइतका होता. निर्वात अवकाशात तो उपयोगी पडतो, परंतु जमिनीवरून विमान उचलू शकत नाही.

निष्कर्ष :
उपलब्ध पुराव्यांवरून 1895 चे उड्डाण ऐतिहासिक घटना म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि, यामुळे तळपदे यांचे महत्त्व संपत नाही. साधनांचा अभाव असताना ग्रंथातील कल्पना यंत्रात उतरविण्याचे धाडस त्यांनी केले. त्यांचा गौरव प्रयत्नांसाठी व्हावा, सिद्ध न झालेल्या यशासाठी नव्हे. आपल्या गुलमंडी, औरंगपुरा यांसारख्या जुन्या वस्त्यांचा इतिहासही बराचसा मौखिक परंपरेतच जिवंत आहे. तो लिहिताना ऐकीव माहिती आदराने नोंदवावी. परंतु कागदपत्रांच्या कसोटीवर उतरल्याखेरीज तिला इतिहास म्हणू नये. तळपदे यांच्या चरित्रातून स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा बोध घेणे आवश्यक आहे.